शाईपेन भरायचं कसं? नाशिकच्या नवख्या मंडळींसाठी

शाईपेन घ्यायला निघालेल्या माणसाला जो तो निबबद्दल सांगतो. बारीक घे, मध्यम घे, टोक नीट बघून घे. घरी आल्यावर मात्र त्याला वेगळाच प्रश्न पडतो: यात शाई घालायची कुठून? मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार या भागातल्या स्टेशनरीच्या दुकानांत एकाच काचेखाली चार तऱ्हेची पेनं मांडलेली असतात. वरून सगळी सारखीच, पोटात मात्र प्रत्येकाची व्यवस्था निराळी. ती समजून न घेता शाई भरली की पेन गळतं, अडखळतं, मधेच कोरडं पडतं आणि महिन्याभरात ड्रॉवरमध्ये जाऊन बसतं. बोल लागतो तो बिचाऱ्या निबला.

शाई भरण्याच्या पद्धती शंभर-सव्वाशे वर्षांत डझनावारी निघाल्या, पण त्या सगळ्यांपुढचा पेच एकच होता. आतली हवा बाहेर काढायची कशी आणि तिच्या जागी शाई घ्यायची कशी? पेनाच्या बहुतेक तक्रारींचं मूळही शाईत नसतं, हवेत असतं. म्हणून खाली जे सांगतो आहे त्यात शाईइतकंच हवेबद्दल आहे.

आधी पेन उघडून बघा

पेन नवं असो नाहीतर आजोबांच्या कपाटातून निघालेलं असो, शाईला हात लावण्याआधी टोपण काढा आणि मागची नळी हलक्या हाताने डावीकडे फिरवून बघा. नळी निघाली आणि आत काहीच नाही, फार तर आट्यांवर रबराची एखादी रिंग, तर ते ड्रॉपरने भरायचं पेन. निबकडच्या भागाला मागून प्लास्टिकची बंद कांडी टोचलेली असेल तर ती कार्ट्रिज. त्या जागी मागे फिरकी असलेली पारदर्शक नळी असेल तर तो कन्व्हर्टर. धातूच्या अर्धवट उघड्या आवरणात एखादी मऊ पिशवी दिसली तर पेन दाबून भरायचं आहे.

नळी निघतच नाही, पण अगदी शेवटची गुंडी फिरते? मग ते पिस्टनचं किंवा व्हॅक्यूमचं पेन. नळीच्या अंगावर नखाने उचलता येईल अशी लांबट पट्टी असेल तर लिव्हरचं, आणि बहुधा तुमच्या वडिलांपेक्षाही वयाने मोठं. जबरदस्ती मात्र कुठेच करायची नाही. पिस्टनच्या पेनाची नळी ड्रॉपरची समजून पिळली तर ती निघत नाही, तडकते.

आत चाललेलं काय असतं

गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात पडतं, समोरासमोर दोन पाडली तर सरळ धार लागते. एका भोकातून तेल बाहेर येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. पेनाचंही तसंच आहे. निबच्या खाली काळ्या रंगाचा जो तुकडा असतो, ज्याला आपण जीभ म्हणतो, त्यात एक पन्हळ असते. त्या पन्हळीच्या तळाशी केसाएवढ्या बारीक चिरा असतात. चिरांतून शाई निबकडे उतरते आणि वरच्या मोकळ्या जागेतून हवा मागे चढते. कागदावर जेवढी शाई गेली तेवढीच हवा आत आली पाहिजे. आली नाही तर आत ओढ निर्माण होते आणि चार ओळींनंतर पेन अडतं. उलट आतली हवा काही कारणाने फुगली तर ती शाईला बाहेर ढकलते, आणि पांढऱ्या शर्टाच्या खिशावर निळं फूल उमटतं.

जिभेच्या खालच्या अंगाला कंगव्यासारख्या खाचा दिसतात. त्या शोभेच्या नाहीत. जास्तीची शाई तात्पुरती झेलून धरायला त्या असतात. त्यांचीही एक मर्यादा आहे, आणि ती कुठे ओलांडली जाते ते पुढे येईलच.

ड्रॉपरचं पेन: सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत खोडकर

शाळेत बाकावरच्या सोबत्याकडून दोन थेंब उसने घेतलेली पिढी याच पेनांवर वाढली. नळी हीच टाकी. मधे काही यंत्र नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही. २ ते ४ मिलिलिटर शाई सहज मावते. कन्व्हर्टरमध्ये कशीबशी अर्धा ते एक मिलिलिटर बसते, यावरून अंदाज करा.

हाताने कातलेली एबोनाइटची पेनं ही भारतीय कारागिरांची खासियत आहे. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राजवळ पोचते तिथलं राजमहेंद्री हे गाव याच पेनांसाठी ओळखलं जातं. स्वदेशीच्या चळवळीत, १९३० च्या दशकात, तिथल्या रत्नम यांनी बनवलेलं पेन गांधीजींपर्यंत पोचलं होतं. चेन्नई आणि हैदराबादकडेही अशी पेनं बनतात. एबोनाइट हाताला उबदार लागतं, रबराचा किंचित वास येतो आणि उन्हात ठेवलं तर रंग विटतो. खिडकीत ठेवू नका, एवढंच.

भरायची रीत अशी:

१. टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरा आणि दौत बशीत ठेवा. बशी अनावश्यक वाटते, पण दौत कलंडते तेव्हा तिची किंमत कळते.

२. मागची नळी काढा. निबकडच्या भागाच्या आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. काडीच्या टोकावर येईल तेवढं पुरे. व्हॅसलीन लावू नका. उन्हाळ्यात ते पातळ होऊन आत उतरतं आणि रबराच्या रिंगेलाही मानवत नाही.

३. नळी उभी धरून ड्रॉपरने शाई सोडा. ड्रॉपरचं टोक नळीच्या आतल्या कडेला टेकवलं की बुडबुडे येत नाहीत. आटे सुरू होतात त्याच्या थोडं खाली थांबा. काठोकाठ भरली तर वरचा भाग बसवताना शाई आट्यांतून वर येते आणि बोटं रंगतात.

४. नळी उभीच ठेवून निबकडचा भाग वरून बसवा. बोटांना पुरेल एवढंच घट्ट करा. पक्कड कधीही नाही.

५. आता पेन उलटं करा, निब खाली. टोपण घालून पाचेक मिनिटं तसंच ठेवा म्हणजे शाई जिभेतून निबपर्यंत उतरेल. झटकू नका. भिंतीवरचे ठिपके पुढच्या रंगकामापर्यंत तसेच राहतात.

पहिल्या रात्री जोडावर टिश्यूपेपरची पट्टी गुंडाळून पेन आडवं ठेवा. सकाळी पट्टी कोरडी असेल तर काम फत्ते. ओली असेल तर थोडं ग्रीस वाढवा किंवा आट्यांच्या मुळाशी पातळ रबरी रिंग घाला.

आता खोडकरपणाबद्दल. ड्रॉपरचं पेन भरलेलं असताना शहाण्यासारखं वागतं, पण शाई अर्ध्याखाली गेली की अचानक निबमधून टपोरा थेंब टाकतं. आपण म्हणतो, पेन ओकलं. शाई कमी म्हणजे हवा जास्त, आणि हवा तापली की फुगते. नाशिकच्या थंडीत हे हमखास दिसतं. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी असते त्या सकाळी आपल्या खोलीतही बारा-तेरा अंश असतात. टेबलावर रात्रभर पडलेलं पेन हातात घेतलं आणि मुठीच्या ऊबेने आतली हवा तीस अंशांकडे गेली, तर तिचं आकारमान सुमारे ६ टक्क्यांनी वाढतं. आत २ मिलिलिटर हवा असेल तर ती ०.१२ मिलिलिटर शाई बाहेर ढकलू पाहते. थेंबांत मोजायचं तर दोन-तीन. जिभेच्या खाचा त्यातलं काही झेलतात, उरलेलं वहीवर.

उपाय दोन. शाई एक तृतीयांश उरली की पुन्हा भरा, संपायची वाट पाहू नका. आणि थंडीत लिहायला बसण्याआधी टोपण घातलेलं पेन, निब वर करून, मिनिटभर मुठीत धरा. निब वर असली की तिच्याजवळ शाई नसते, हवा असते. मग फुगून बाहेर जाते ती नुसती हवा. उन्हाळ्यात हाच खेळ गाडीच्या डिकीत होतो. मे महिन्यात सीबीएस बसस्थानकापाशी दुपारी उन्हात लावलेल्या स्कूटरच्या डिकीत अर्धं रिकामं पेन ठेवणं म्हणजे आपणहून आमंत्रण देणं.

नाशिककरांना आणखी एक गोष्ट माहीत हवी, ती म्हणजे कसारा घाट. आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ७ टक्क्यांनी कमी. मुंबईत सकाळी निम्मं पेन वापरलं आणि संध्याकाळी पंचवटी एक्सप्रेसने परत निघालात, तर कसारा सोडून गाडी घाट चढू लागली की पेनातली मुंबईची हवा फुगायला लागते. थंडीच्या सकाळी टेबलाशी बसल्याबसल्या जे होतं तेच इथे गाडीत होतं. जाताना त्रास नाही. खाली उतरताना बाहेरचा दाब वाढतो, हवा आत शिरते, शाई जागच्या जागी राहते. म्हणून परतीच्या प्रवासाआधी पेन पूर्ण भरून घ्या किंवा पूर्ण रिकामं करा, आणि कसंही असलं तरी निब वर करून खिशात किंवा बॅगेत उभं ठेवा. आडवं टाकलेलं पेन इगतपुरीला टोपणात शाई साचवून बसलेलं असतं. विमानालाही नियम हाच.

कार्ट्रिज: टोचा आणि लिहा

शाई भरलेली बंद प्लास्टिकची कांडी. निबकडच्या भागाच्या आत एक पोकळ टोचणी असते. कांडीचं बारीक तोंड तिच्यावर सरळ दाबलं की कट्कन आवाज येतो आणि बूच फुटतं. वाकडं दाबलं तर कडेने झिरपतं. लगेच लिहायला घेऊ नका. निब खाली करून पेन कपात उभं ठेवा, शाई उतरायला थोडा वेळ लागतो. घाई असेल तर कांडीला दोन बोटांनी अगदी हलकं दाबा, निबच्या चिरेत शाई दिसली की सोडा.

गोम आहे ती मापांत. सगळ्या कंपन्यांच्या कार्ट्रिज एकमेकींना बसत नाहीत. पार्करचं तोंड वेगळं, लॅमीचं वेगळं, पायलटचं तिसरंच. ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणून जे छोटं माप मिळतं ते अनेक युरोपीय पेनांना चालतं. ज्या भारतीय पेनांत जर्मनीच्या श्मिट कंपनीची निब बसवलेली असते त्यांनाही तेच चालतं. छोट्या आंतरराष्ट्रीय कार्ट्रिजमध्ये पाऊण मिलिलिटरच्या आसपास शाई असते, पार्करच्या लांब कार्ट्रिजमध्ये जवळपास दुप्पट. ‘दाबून बसेल’ असं दुकानदार म्हणाला तरी दाबू नका. टोचणीची कड एकदा झिजली की मग योग्य मापाची कार्ट्रिजही गळते.

संपलेली कार्ट्रिज फेकण्याची गरज नाही. औषधाच्या दुकानातली सिरिंज घ्या, सुईचं टोक कानशीवर घासून बोथट करा, कार्ट्रिज पाण्याने धुऊन सिरिंजने पुन्हा शाई भरा. शेंगेएवढ्या त्या नळीत कोणत्याही रंगाची शाई चालते आणि खर्च दौतीचाच. पाच-सहा वेळा भरून झाल्यावर तोंड सैल पडतं, तेव्हा नवी घ्या.

कन्व्हर्टर: पहिलं पेन घ्यायचं तर हेच

कार्ट्रिजच्याच जागी बसणारा, पण दौतीतून शाई ओढून घेणारा हा छोटा पंप. मागची फिरकी फिरवली की आतला दट्ट्या वरखाली सरकतो.

मागची नळी काढून ठेवा. फिरकी डावीकडे फिरवून दट्ट्या पूर्ण खाली, निबच्या दिशेने आणा. आता निब दौतीत बुडवा. नुसतं टोक बुडवून भागत नाही. निबच्या पाठीवरचं भोक आणि पकडीची, म्हणजे बोटांनी धरायच्या भागाची, कड शाईखाली गेली पाहिजे, नाहीतर दट्ट्या हवाच ओढतो. फिरकी सावकाश उजवीकडे फिरवा. पूर्ण वर आल्यावरही निब लगेच काढू नका, पाच-सात सेकंद थांबा. शाई जिभेतून चढत असते.

पहिल्या फेरीत कन्व्हर्टर अर्धाच भरतो, कारण जिभेतली सगळी हवा आधी आत आलेली असते. काढून निब वर करा, नखाने टिचक्या मारून बुडबुडा वर आणा, फिरकी हळूच डावीकडे फिरवून तेवढीच हवा बाहेर सोडा, आणि पुन्हा बुडवून भरा. शेवटी दौतीवर धरून दोन-तीन थेंब परत सोडा, मग निब वरच्या दिशेला धरून फिरकी थोडी मागे घ्या. यामुळे जिभेत तुंबलेली जादा शाई आत जाते. निब आणि पकड जुन्या सुती फडक्याने पुसा. तलम टिश्यूपेपर निबच्या चिरेतूनही शाई शोषतो आणि त्याचे धागे अडकतात, म्हणून सुतीच.

हे सगळं वाचायला लांबलचक वाटतं. हात बसला की पाण्याचा ग्लास भरायला लागतो तेवढाच वेळ लागतो.

कन्व्हर्टरची एक सवय त्रास देते. शाई मागच्या टोकाला चिकटून बसते आणि पुढे येतच नाही; आत शाई दिसते, पेन मात्र कोरडं. बोटाने टिचकी मारली की येते. वारंवार होत असेल तर कन्व्हर्टर काढून भांडी घासायच्या द्रावाचा एक थेंब घातलेल्या पाण्याने आतून धुवा आणि साध्या पाण्याने भरपूर खळखळवा. कारखान्यातला तेलकटपणा गेला की शाई सरकते.

दाबून भरायची आणि लिव्हरची जुनी पेनं

चिनी हीरो पेन ज्यांनी वापरलं त्यांना ही पद्धत पाठ असते. पार्करच्या ५१ या मॉडेलमध्ये ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि पुढे जगभर तिच्या नकला झाल्या. धातूच्या आवरणातली पट्टी दाबली की पिशवी चेपते, सोडली की फुगते आणि शाई ओढते.

इथे बहुतेक जण एकदाच दाबतात आणि पेन भरलं असं समजतात. पिशवीच्या आत एक बारीक नळी उभी असते, जवळजवळ टोकापर्यंत गेलेली. दुसऱ्यांदा दाबता तेव्हा वरची हवा त्या नळीतून निघून जाते, आत आलेली शाई मात्र तळाशीच राहते. म्हणून निब शाईत ठेवूनच चार-पाच वेळा दाबा आणि प्रत्येक वेळी सोडल्यावर थोडं थांबा. दौतीत बुडबुडे यायचे बंद झाले की पेन भरलं.

लिव्हरच्या पेनांत पिशवी आतच लपलेली असते आणि अंगावरची पट्टी उचलली की चेपते. शेफर कंपनीने ही युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केली. असं पेन वारशाने मिळालं असेल तर लिव्हर उचलण्याचा मोह आवरा. आतली रबरी पिशवी वर्षानुवर्षं पडून दगड झालेली असते. लिव्हर ओढली तर पिशवी चुरते किंवा लिव्हर वाकते. कानाशी धरून हलवा. खडखडलं तर पिशवीचे तुकडे झालेत. नवी पिशवी लाखेने चिकटवून बसवता येते, पण ते काम जाणकाराकडून करून घ्या.

पिस्टन

दट्ट्या पेनाच्या अंगातच बसवलेला, म्हणजे पूर्ण नळी हाच कन्व्हर्टर. जर्मनीच्या पेलिकनने १९२९ साली असं पेन बाजारात आणलं आणि ती घडण आजही तशीच वापरात आहे. तैवानच्या ट्विस्बीची पारदर्शक पेनं नवशिक्यांना आवडतात, कारण दट्ट्या वर येताना दिसतो. शाई दीड-दोन मिलिलिटर मावते. भरायची रीत कन्व्हर्टरचीच, फक्त फिरवायची ती पेनाची शेपटी.

दट्ट्या जड जाऊ लागला तर जोर लावू नका. आधी पाण्याने दहा-बारा वेळा भरून ओता. वाळलेली शाई निघाली की बहुधा सुटतो. तरीही अडत असेल तर निबकडचा भाग सुटणारा असेल तरच तो काढून काडीने आतल्या भिंतीला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. या पेनांची एक कटकट म्हणजे शाईचा रंग बदलायचा तर धुणं फार. रोज वेगळा रंग हवा असणाऱ्यांनी याच्या नादी लागू नये. निळ्याशी एकनिष्ठ असाल तर याच्यासारखा सोबती नाही.

व्हॅक्यूम आणि इतर

यात मागची गुंडी सोडवून एक दांडा पूर्ण बाहेर ओढायचा, निब बुडवायची आणि दांडा एका झटक्यात आत ढकलायचा. दांडा शेवटाला पोचतो तिथे नळी किंचित रुंद असते. त्या क्षणी दट्ट्यामागची पोकळी मोकळी होते आणि शाई झपकन आत येते. इंग्लंडमध्ये ओनोटो पेनांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे केलं, आज पायलटच्या कस्टम ८२३ मध्ये दिसतं. गुंडी घट्ट असताना टाकी आणि जीभ यांच्यामधली वाट बंद असते. म्हणून घाटाला, विमानाला ही पेनं उत्तम. पण त्यामुळेच दोन पानं लिहून झाल्यावर पेन कोरडं पडतं आणि नवा माणूस घाबरतो. लांब लिहायचं असेल तेव्हा गुंडी दोन-तीन मिलिमीटर सैल करून ठेवा.

चंद्रकोरीच्या आकाराची पट्टी दाबायची, नळीतून सोंड बाहेर काढायची, पेन नुसतं दौतीत उभं करून ठेवायचं, असेही प्रकार होऊन गेले. ते संग्राहकांचे लाड आहेत. तुमच्या हातात आलं तर आधी कुणा माहीतगाराला दाखवा.

काय भरायचं नाही

पेन बिघडवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे चुकीची बाटली. कॅम्लिनची कथा १९३१ साली दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या हॉर्स ब्रँड शाईच्या पुडीपासून आणि गोळ्यांपासून सुरू होते, आणि त्यांची निळी शाई आजही शाळकरी पेनाला बिनधास्त चालते. पण त्याच कंपनीची चित्रकलेसाठीची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकही मिळते, आणि दुकानात ती शेजारीच असते. ती वाळली की पाण्याने सुटत नाही. जिभेच्या चिरा कायमच्या बुजतात. शिक्क्याची शाई, प्रिंटरची शाई, ॲक्रिलिक, हे सगळं बाद. बाटलीवर फाउंटन पेनसाठी असं स्पष्ट लिहिलेलं हवं. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करू नका, कधीकधी त्या दह्यासारख्या फाटतात.

धुणं

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, आणि रंग बदलताना दर वेळी. साधं गार पाणी. गरम पाण्याने एबोनाइटचा रंग जातो. स्पिरिट किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव तर दूरच ठेवा, प्लास्टिक विरघळतं. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचा हात फिल्टरच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याचा द्या. कन्व्हर्टर आणि कार्ट्रिजच्या पेनांना एक सोपी युक्ती आहे: औषधाच्या दुकानात कान धुवायचा रबरी फुगा मिळतो. निबकडच्या भागाच्या मागे तो लावून पाणी दाबलं की अर्ध्या तासाचं काम दोन मिनिटांत होतं. मग निब खाली करून फडक्यावर रात्रभर उभं ठेवा. ओल्या जिभेवर शाई भरली तर पहिली दोन पानं फिकी येतात.

घेताना

रोज पानंच्या पानं उत्तरलेखनाचा सराव करणाऱ्यांनी पिस्टन किंवा ड्रॉपर बघावं, कारण कन्व्हर्टर त्यांना फार पुरणार नाही. परीक्षेच्या दिवशी मात्र कार्ट्रिजचं पेन आणि एक भरलेली कार्ट्रिज खिशात, त्याला तोड नाही. सही आणि डायरीपुरतं लिहिणाऱ्याने कन्व्हर्टरच्या पुढे जाऊ नये. लहान मुलाला पहिलं पेन देताना ड्रॉपरचा स्वस्तपणा बघून ते घेतलं जातं, पण मुलं पेन आडवं-तिडवं दप्तरात टाकतात. त्यांना कार्ट्रिजच द्या.

दुकानात पैसे देण्याआधी पेन तिथेच उघडा. आटे गुळगुळीत फिरतात का ते बघा. कन्व्हर्टरचं असेल तर तो पेनाबरोबर मिळतो की वेगळा घ्यावा लागतो हे विचारा; बऱ्याचदा डब्यात एकच कार्ट्रिज असते आणि कन्व्हर्टर दुकानात शिल्लक नसतो. पेनाची नळी धातूची असेल किंवा तिच्या मागे बारीक भोक असेल तर तिचं ड्रॉपरचं पेन करता येत नाही, कोणी काहीही सांगो. आणि त्या मापाच्या कार्ट्रिज याच दुकानात कायम मिळतात ना, हे विचारून त्यांचं एक पाकीट पेनाबरोबरच घेऊन टाका.